आपल्या देशाचा चहा

फाल्सहून जर्मनीतल्या आखनला परतणारी शनिवारची बस सीमेवर हमखास रखडायची, आणि त्याला कारण एकच गृहस्थ असत. ते आमच्याबरोबरचे आहेत हे इतर उतारूंना कळू नये म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसे. पण उपयोग नसे. कस्टमचा माणूस बसमध्ये चढला रे चढला, की ते उठून उभे राहत आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात मला मराठीत म्हणत, "वहिनी, जरा ही पिशवी धरा. साहेबांना पुडी दाखवायचीय."

मग पिशवीतून चहाची पुडी बाहेर निघे. पुडी अगदी एवढीशी. कस्टमवाला तिच्याकडे न बघताच म्हणे, "एवढा चहा माफ असतो."

"माफ असतो हे ठाऊक आहे मला," ते म्हणत. "कर घेऊ नका. नुसतं लिहून घ्या."

कस्टमवाला उसासा टाकून कागद शोधू लागे, ड्रायव्हर इंजिन बंद करी आणि बसमधल्या बायका एकमेकींकडे बघत. त्यांच्या कोटांच्या अस्तरात काय होतं ते त्यांचं त्यांना माहीत. माझ्या कोटाच्या अस्तरात काय होतं ते मला चांगलंच माहीत होतं. भर थंडीत मला घाम फुटलेला असे, आणि ते मात्र शांतपणे पुडीचं वजन सांगत उभे असत.

त्यांना मी भावोजी म्हणत असे. आमच्या ह्यांचे ते मित्र, वयाने ह्यांच्याहून मोठे, मूळचे सांगलीचे. हे आखनच्या तांत्रिक विद्यापीठात यंत्रांवर संशोधन करत होते, आणि साठ सालच्या सुमारास मी लग्न होऊन पुण्याहून तिथे गेले. स्टेशनवर मला उतरवून घ्यायला ह्यांच्याबरोबर भावोजीही आले होते. अंगात तपकिरी ओव्हरकोट, काखेत कागदाची लांबलचक गुंडाळी. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "वहिनी, पुण्यात सध्या चहाचा पुरवठा कसा आहे?"

मी म्हटलं, "बरा आहे की."

"नशीबवान आहात. आपल्या देशात मात्र फार घसरलाय."

आता पुणं आपल्या देशातच आहे असं मी समजत होते, त्यामुळे मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. घरी पोचल्यावर ह्यांनी खुलासा केला. भावोजींचा 'आपला देश' म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला एक देश होता. त्याचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही, तिथल्या कस्टमवाल्यांना आता कशाला त्रास. भावोजी त्या देशात कधी गेले नव्हते आणि तिथल्या एकाही माणसाशी त्यांची ओळख नव्हती. पण तिथे कोणत्या वर्षी किती चहा आला आणि माणशी किती वाट्याला गेला, हे त्यांना रामरक्षेसारखं पाठ होतं. ते त्यावरच डॉक्टरेट करत होते.

खरं तर ते आखनला आले होते इंजिनियर व्हायला. सांगलीला त्यांचे वडील तर अजूनही सगळ्यांना, आमचा मुलगा जर्मनीत मोटारी बनवतो, असंच सांगत. पण एकदा ग्रंथालयात ते चुकून भलत्याच कपाटापाशी उभे राहिले, व्यापाराचं एक जाडजूड पुस्तक हाताला लागलं आणि त्यात या देशाचं पान उघडलं. "वहिनी, अर्धा देश वाळवंट! चहाचं झुडूप औषधाला उगवत नाही. चिमूटभर चहालाही उंटावरून यावं लागतं. आणि तरी दर वर्षी चहा वाढता! का? कोण पितं? केव्हा पितात?" हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळत असे, की ऐकणाऱ्याला साधं 'असेल बुवा' म्हणायचीही सोय नसे. मग त्यांनी इंजिनियरिंग सोडलं आणि कोलोनच्या विद्यापीठात अर्थशास्त्राला नाव घातलं. राहायचे मात्र आखनलाच आणि आगगाडीने जा-ये करायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, "खोली बदलली की पोलिसांत नवी आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद, करावी लागते. त्या क्लार्ककडून जुनी नोंद कापायची राहिली तर जर्मनीची लोकसंख्या उगाच एकाने वाढायची."

नोंदीचं हे वेड म्हणजे निव्वळ विक्षिप्तपणा नव्हता, त्यामागे त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. ते मला त्यांनी बसमध्येच ऐकवलं होतं. "समजा, उद्या ब्राझीलमध्ये कुणी बिचारा मुलगा जर्मनीच्या चहावर प्रबंध लिहितोय. माझी पुडी लिहिली गेली नाही तर त्याचा आकडा चुकणार. त्याला चकवून आणलेला चहा मला गोड कसा लागेल, सांगा बरं?" ब्राझीलमधल्या त्या मुलाबद्दल त्यांच्या मनात खरोखरची माया होती. कोणी जेवायला बोलावलं तर दारातच सांगत, "मी घरून एक केळं खाऊन आलोय हं." शिंक आली तर म्हणत, "काल सर्दी झालीय, कळवून ठेवतो." कस्टमवाल्याला तर त्यांनी पार जेरीस आणलं होतं. एकदा तो हात जोडल्यासारखं करून म्हणाला, "हेर डॉक्टर, एकदा तरी लपवून आणा हो. मी बघितलं न बघितलं करीन."

"डॉक्टर नाही," भावोजी म्हणाले. "नोख निश्ट." हेर म्हणजे श्रीयुत, आणि नोख निश्ट म्हणजे अजून नाही. दर शनिवारी तो त्यांना हेर डॉक्टर म्हणे आणि दर शनिवारी भावोजी ही दुरुस्ती करत.

आमचा चहा आम्ही कसा आणत होतो, तेही सांगते. जर्मनीत चहावर भरमसाट कर. फाल्स हे हॉलंडमधलं गाव, आखनहून बसने अगदी जवळ, आणि तिथे चहा स्वस्त. शिवाय इंडोनेशियाहून परतलेल्या डच लोकांसाठी तिथल्या एका दुकानात हळद, धने, तिखट मिळे. त्यामुळे शनिवारी तिकडे जाणं आलंच. आणलेला चहा सीमेवर सांगायचा असतो हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणी सांगत नाही हेही सगळ्यांना माहीत होतं. थोडा चहा माफ असे, आमचा थोड्याहून बराच जास्त असे. कोटाचं अस्तर उसवून पुन्हा कसं शिवायचं ते मला आमच्या घरमालकीणबाईंनी शिकवलं. युद्धानंतरच्या वर्षांत सगळं आखन सीमेपलीकडून कॉफी आणत होतं, आणि बाई त्यात निष्णात होत्या. "पुडी पाठीशी ठेवायची," त्या मला सांगत, "पोटाशी नाही. पोटाकडे सगळे बघतात."

भावोजींना यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी चहा कोपऱ्यावरच्या वाण्याकडून घेते, अशी त्यांची समजूत होती आणि मी ती मोडली नाही. दर रविवारी दुपारी ते आमच्याकडे चहाला येत. आलं घालून, दूध घालून, चांगला उकळलेला चहा. कप तोंडाला लावला की डोळे मिटत, पहिला घोट घेऊन म्हणत, "गेनाऊ! अगदी बरोबर! पुरवठा झाला." साखर मात्र त्यांना बेसुमार लागे. आपल्यामुळे दुसऱ्याची साखर संपते हे त्यांच्या हिशेबात बसेना, म्हणून शनिवारी वाण्याचं दुकान बंद व्हायच्या आत ते साखरेचं पाकीट घेत आणि रविवारी ते घेऊनच येत. मी पुष्कळदा नको म्हटलं. शेवटी घरात साखर आणणं हे त्यांचं कामच होऊन बसलं.

चहा झाला की ती गुंडाळी जेवणाच्या टेबलावर उलगडायची. चारी कोपऱ्यांवर चार कप ठेवले, म्हणजे कागद सपाट राही. त्यावर काळ्या शाईची एक रेघ डावीकडून उजवीकडे गेलेली. हा आपल्या देशाचा चहा. पूर्वीपासूनची वर्षं डावीकडे, अलीकडची उजवीकडे. रेघ हळूहळू चढत जाई, कुठे थोडी अडखळे, पुन्हा चढे. इंजिनियरिंगच्या हाताने काढलेली ती रेघ इतकी देखणी होती, की मला त्यातलं काही कळत नसूनही बघत बसावंसं वाटे. भावोजी बोट ठेवून सांगत, "हे बघा, इथे रेल्वे आतपर्यंत पोचली. इथे युद्ध. इथे चीनचा हिरवा चहा पुन्हा सुरू." तिथे लोक चहा कसा पितात, तेही ते स्वतः पिऊन आल्यासारखे सांगत. निखाऱ्यांवर छोटी किटली, लहान लहान ग्लास, हिरवा चहा, पुदिना आणि मुठीने साखर. त्याच पत्तीवर तीनदा पाणी घालून तीन फेऱ्या व्हायच्या आणि तोवर कोणी उठायचं नाही. "साखरेशिवाय ते चहाला तोंड लावत नाहीत, वहिनी. आपलीच माणसं!"

पण उजवीकडे एका जागी ती रेघ धाडकन खाली आपटत होती आणि दोन-तीन वर्षं तळाशी सरपटून मग पुन्हा वर निघत होती. देश नवा स्वतंत्र झाला होता, नव्या सरकारने बाहेरच्या चहावर कर बसवला होता, एवढं दिसत होतं. पण करामुळे चहा थोडा कमी होईल. इतका कमी? भावोजींनी दुष्काळ तपासला, कॉफी तपासली, रोगराई तपासली. काही जमेना. त्यांचे मार्गदर्शक प्रोफेसर, ज्यांना जर्मनीत डॉक्टरफाटर म्हणजे डॉक्टरकीचा बाप म्हणतात, त्यांनी एक दिवस स्पष्ट सांगितलं: या सेमिस्टरच्या आत या खड्ड्याचं कारण पुराव्यासह द्या, नाहीतर प्रबंध मी स्वीकारणार नाही.

नुसत्या डॉक्टरेटचा प्रश्न असता तर भावोजींनी आणखी पाच वर्षं आनंदाने घालवली असती. पण साताऱ्याला एक मुलगी थांबली होती. शाळेत भूगोल शिकवायची. लग्न ठरलं तेव्हा भावोजींनी तिला जे पहिलं पत्र पाठवलं, त्यात आपले सगळे दोष सांगून टाकले होते. डोक्यावरचे केस कमी होत आहेत हे लिहून त्यांचा एक छोटा आलेखही काढला होता, पुढच्या काही वर्षांच्या अंदाजासकट. हे आम्हाला कळलं तेव्हा ह्यांनी कपाळावर हात मारला. तिचं उत्तर आलं, "आलेख मिळाला. टक्कल अंदाजाआधीच पडलं तरी माझी हरकत नाही." त्या दिवशी भावोजी आमच्या स्वयंपाकघरात गुणगुणत भांडी विसळत होते. मला ती मुलगी न बघताच आवडली. पण तिच्या वडिलांचा धीर संपत आला होता. मुलगा मोटारी बनवत नाही आणि चहाचा अभ्यास करतो, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. येत्या मार्गशीर्षापर्यंत डॉक्टर होऊन, नोकरी धरून लग्नाला उभे राहा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो, असा त्यांचा निरोप आला.

ह्यांनी एका रविवारी त्या खड्ड्याकडे बघून सहज म्हटलं, "अरे, चोरून आणत असतील. त्यात काय एवढं?"

भावोजींचा चेहरा उतरला. "असं बोलू नकोस. तीन फेऱ्या होईपर्यंत पाहुण्याला उठू न देणारी माणसं आहेत ती. आपल्या देशातले लोक असं करणार नाहीत."

"आणि दुसऱ्या देशातले करतील?"

"कुठलेच नाही करणार," भावोजी म्हणाले. "चहासाठी कोण खोटं बोलेल?"

मी कप उचलून मोरीकडे गेले. आत घरमालकीणबाई होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण माझं तोंड बघून त्या हसू लागल्या.

आणि मग संक्रांत आली. वहिनींकडे दर रविवारी आपण फुकट चहा पितो, तेव्हा सणाला चहाचीच भेट द्यावी, असं भावोजींच्या मनात आलं. ते वाण्याकडे गेले आणि म्हणाले, "ती भारतीय बाई नेहमी नेते तो चहा द्या." वाणी म्हणाला, "ती बाई? तिने माझ्याकडून चहा कधीच नेलेला नाही. तुम्ही साखर नेता, तेवढंच."

रविवारी दारावरची घंटा वाजली. मी दार उघडलं तर भावोजी उंबऱ्यातच उभे, एका हातात साखर, काखेत गुंडाळी. आत येईनात.

"वहिनी," ते म्हणाले, "साखर मी आणतो. मग चहा कोण आणतं?"

 माझी नजर खुंटीवरच्या कोटाकडे गेली आणि त्यांची नजर माझ्या मागोमाग तिथे गेली. शनिवार होऊन गेला होता, अस्तर अजून उसवायचं होतं. कोट पाठीकडून फुगलेला होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांचे रविवार त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असावेत. पितच होतो आपण. बेहिशेबी चहा, डोळे मिटून, गेनाऊ म्हणून.

"येतो," म्हणाले, साखर माझ्या हातात दिली आणि चहा न घेता निघून गेले. असं कधी झालं नव्हतं.

पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. शनिवारच्या बसलाही ते नव्हते. बस वेळेवर पोचू लागली, आणि मला ते मुळीच आवडेना. घरी ह्यांची वेगळीच काळजी. "तो माणूस केळं खाल्लेलं सांगतो. हे सांगणार नाही? पोलिसांत गेला तर आपला राहण्याचा परवाना जाईल आणि माझा प्रबंध अर्ध्यावर ठेवून पुण्याला परतावं लागेल." मी वरवर म्हणत होते, भावोजी असे नाहीत. पण मला खात्री नव्हती. ते अगदी तस्से होते.

मग एका रविवारी घंटा वाजली. भावोजींची दाढी वाढलेली होती आणि काखेत एकाऐवजी दोन गुंडाळ्या होत्या. नमस्कार नाही, काही नाही. थेट खिडकीपाशी गेले आणि ह्यांना म्हणाले, "धर रे हे टोक." चहाचा कागद त्यांनी काचेवर धरला आणि त्याच्यावर दुसरा पातळ कागद बसवला. बाहेरच्या उजेडात दोन्ही रेघा एकदम दिसू लागल्या. खालची काळी, ती चहाची. वरची लाल.

"ही कसली?" मी विचारलं.

"साखर."

काळी रेघ खड्ड्यात आपटली होती तिथे लाल रेघ जराही खाली आली नव्हती. ती वर वर चढतच गेली होती.

"आल्झो, तर मग बघा," भावोजी म्हणाले. "चहा प्यायचा थांबला असता तर साखर थांबली असती. मुठीने साखर घालतात ते लोक! साखर जड, पाण्यात विरघळणारी, स्वस्त. ती सरळ रस्त्याने येते. चहा हलका आणि महाग. तो अस्तरातून येतो. मी तुमच्या घरात साखर आणतो वहिनी, ती सगळ्यांना दिसते. वाण्याला दिसते. चहा कुणालाच दिसत नाही. पण साखर संपते ना दर आठवड्याला!" मग ते खुर्चीत बसले. "आपल्या देशात चहा कमी झालाच नव्हता. तिथे फक्त तुम्ही होतात."

मला त्या क्षणी इतका आनंद झाला, की मी काही न सुचून चहाचं आधण ठेवलं. त्यांनी कप हातात घेतला आणि थोडा वेळ नुसताच धरून ठेवला. मग प्यायले. डोळे मात्र उघडे होते.

पण प्रकरण इथे मिटलं नाही. भावोजींना जे सुचलं ते कुठून सुचलं, हे प्रबंधात लिहायलाच हवं होतं. तळटीप त्यांनी लिहूनच आणली होती आणि ती त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. त्यात माझं पूर्ण नाव होतं, नवऱ्याचं नाव होतं, घराचा पत्ता होता आणि 'जकात न भरता आणलेल्या चहाच्या निरीक्षणावरून' असे शब्द होते. शिवाय मनापासून आभार मानले होते.

"भावोजी, अहो, पोलीस दारात येतील!"

"पण वहिनी, कल्पना तुमच्या घरची. स्रोत न सांगता लिहिली तर ती चोरी होईल."

"आणि सांगून लिहिलीत तर आम्ही तुरुंगात. लग्नाला कोण येणार मग तुमच्या?"

ते हटून बसले. हेही हटून बसले. सातारची ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोर येत होती आणि मार्गशीर्षाच्या आत परीक्षा, नोकरी सगळंच व्हायचं होतं. शेवटी हे म्हणाले, "नाव घालू नकोस. 'आखनमधलं एक घर' एवढंच लिही."

"ते मोघम झालं," भावोजी म्हणाले. "आखनमध्ये असा चहा येणारी घरं किती आहेत? एकच असेल तर ते ओळखू येणार, म्हणजे नाव लपवल्याचा उपयोग नाही."

ह्यांनी तोच प्रश्न जर्मनमध्ये दारात उभ्या असलेल्या घरमालकीणबाईंना विचारला. बाईंनी विचारही केला नाही. "किती म्हणजे? आले!" आले म्हणजे सगळी. भावोजींनी पेन उघडलं, तळटीप खोडली आणि वर लिहिलं: आखनमधील एक घर.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी आणि हे कोलोनला त्यांच्याबरोबर गेलो. बंद दाराबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. आतून आवाज यायचे, मध्येच शांतता व्हायची. मला परीक्षेची भीती नव्हती. मला भीती होती ती एकाच प्रश्नाची, कारण त्या प्रश्नाला या माणसाला खोटं उत्तर देता येणार नव्हतं, आणि तो प्रश्न कोणीही विचारला असता. ह्यांनी माझा हात धरला होता. 

दार उघडलं आणि भावोजी बाहेर आले. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"आलेखावरचा एक गोल कुठल्या वर्षाचा ते विचारलं. मी सांगितलं, तो बिंदू नाही, चहाच्या कपाचा डाग आहे."

"आणि तळटीप?"

"विचारलं. दुसरे परीक्षक म्हणाले, हे घर कुठलं? मी म्हटलं, मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही."

"मग?"

"ते म्हणाले, मग याची खात्री कशी करायची?  मला वाटलं, झालं, संपलं. तेवढ्यात आमचे डॉक्टरफाटर म्हणाले, युद्धानंतरच्या हिवाळ्यात कोलोनमध्ये कोळसा आल्याची नोंद जवळजवळ कुठेच नव्हती. आणि माझ्या आईची शेगडी रोज पेटत होती. तिने कोळसा कुठून आणला हे मी तिला कधी विचारलं नाही, तुम्हीही यांना विचारू नका." भावोजींनी काखेतल्या गुंडाळ्या सावरल्या. "वहिनी, झालो मी. डॉक्टर झालो."

त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये मी रडले आणि हसले. हे भावोजींच्या पाठीवर इतक्या जोरात थोपटत होते की काखेतल्या गुंडाळ्या खाली पडून घरंगळत गेल्या. साताऱ्याला तार मी स्वतः केली. भावोजींना ड्युसेलडॉर्फच्या एका व्यापारी कंपनीत नोकरी मिळाली आणि मार्गशीर्ष उलटायच्या आत ते लग्न करून आलेही.

सातारची ती मुलगी आता माझी धाकटी जाऊ झाल्यासारखीच होती. उंच, शांत, आणि नवरा पुरवठ्यावर बोलू लागला की खाली बघून हसणारी. पहिल्याच शनिवारी मी तिला फाल्सला नेलं. तिथली हळद, तिथलं तिखट, सगळं दाखवलं, आणि भावोजी बाहेर थांबलेले असताना, आपल्या बायकांच्या गोष्टी असतात तशा काही गोष्टी सांगितल्या. तिने सगळं लक्ष देऊन ऐकून घेतलं, कोट चढवला, वर शाल पांघरली.

परतताना बस सीमेवर थांबली. कस्टमवाला चढला आणि भावोजींना बघून त्याने आपण होऊन कागद बाहेर काढला. "हेर डॉक्टर?"

"या," भावोजी म्हणाले. जर्मनमधला 'या', म्हणजे हो. पहिल्यांदाच. कस्टमवाल्याला इतका आनंद झाला की त्याने त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. भावोजींची एवढीशी पुडी त्याने मन लावून लिहून घेतली. मग तो त्यांच्या शेजारी बसलेल्या नव्या नवरीकडे वळला आणि अदबीने विचारलं, "आणि आपल्याकडे काही?"

"निश्ट्स," ती म्हणाली, म्हणजे काही नाही. जर्मनमधला तिला येणारा तो बहुधा पहिलाच शब्द होता. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

भावोजींनी तिच्याकडे पाहिलं. शालीखाली तिची पाठ थोडी जास्तच भरदार दिसत होती. मला वाटलं, आता हा माणूस उठणार. उठला की संपलं सगळं, तिचं, माझं आणि बसमधल्या साऱ्या बायकांचं. भावोजी अर्धवट उठलेही. कस्टमवाला थांबला. मग भावोजींनी ओव्हरकोट नीट सारखा केला, पुन्हा बसले आणि तोंड खिडकीकडे करून बाहेरच्या गायी बघू लागले.

बस निघाली. बऱ्याच वेळाने ते हळूच, माझ्याकडे न वळता म्हणाले, "वहिनी, ब्राझीलमधल्या त्या मुलाचं काय होणार हो?"

आता इतकी वर्षं झाली. तो मुलगा खरंच कुठे असेल, आणि जर्मनीचा चहा त्या वर्षांत थोडा कमी का दिसतो म्हणून डोकं खाजवत बसला असेल, तर त्याला कोणीतरी एवढंच सांगा: बाळा, साखरेकडे बघ. आम्ही सगळे होतो. दर रविवारी चहा होत होता.